पुनरागमनाचा काळ

नाशिकक्षेत्री कालगणनेला मोठा मान आहे. गुरू सिंह राशीस आला म्हणजे गोदावरीच्या तीरी सिंहस्थ भरतो, आणि त्याच्या पर्वण्या कोणत्या दिवशी येतील हे पंचांगकर्ते कित्येक वर्षे आधी निश्चयाने सांगू शकतात. ह्याच नगरात शरणपूर नावाचा एक जुना भाग आहे. तेथील ख्रिस्ती मंडळी उपासनेत आपल्या श्रद्धेचा जो पाठ म्हणतात, त्यात ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय करील असे एक कलम आहे. मात्र तो केव्हा येईल हे त्या पाठात नाही. ह्या एका ‘केव्हा’वर जवळजवळ दोन हजार वर्षे वाद चालत आला आहे, त्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले आणि नाशिकचा त्याच्याशी संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

वादाचे मूळ शुभवर्तमानातच आहे. येशूच्या तोंडी तेथे दोन प्रकारची वचने आढळतात. एका ठिकाणी तो शिष्यांस सांगतो की, ही पिढी सरण्यापूर्वी हे सर्व घडून येईल. लगेच पुढे तो असेही सांगतो की, त्या दिवसाची व घटकेची वार्ता कोणासही नाही. देवदूतांस नाही, पुत्रासही नाही, ती केवळ पित्यास ठाऊक आहे. पहिले वचन काळ जवळ आणते, तर दुसरे तो झाकून टाकते. पुढचे सर्व पक्ष ह्या दोन वचनांच्या मधल्या जागेत उभे राहिले आहेत.

पहिल्या पिढीने पहिल्याच वचनावर भर दिला. थेस्सलनीका येथील मंडळीत प्रभू आता येतोच आहे अशी भावना इतकी बळावली होती की, काही जणांनी कामधंदाच सोडला होता. काम न करणाऱ्याने अन्नाची अपेक्षा धरू नये असे त्यांस पत्राने बजावावे लागले. पिढ्या सरल्या, प्रभू आला नाही, आणि मग दुसऱ्या वचनाकडे लक्ष वळले. प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचे वर्णन आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन ह्या थोर आचार्याने त्याचा आध्यात्मिक अर्थ लावला: हे राज्य पुढे यावयाचे नसून मंडळीच्या रूपाने चालूच आहे. हा अर्थ पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात कित्येक शतके प्रमाण मानला गेला.

तरीही गणित करण्याची हौस मनुष्याच्या मनातून जात नाही. दानिएलाच्या ग्रंथात दिवसांचे काही गूढ आकडे आहेत. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, असे सूत्र धरले की त्या आकड्यांतून इतिहासाचे वेळापत्रक निघू लागते. १२६० दिवसांचा एक काळ आहे. तो ५३८ साली सुरू झाला असे धरल्यास १७९८ साली संपतो. नेमक्या त्याच वर्षी फ्रेंच सैन्याने रोम घेतले आणि सहावे पायस ह्या पोपांस कैद केले! हा मेळ पाहून अनेक विद्वान हर्षभरित झाले. दुसरा आकडा २३०० चा. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या एका शेतकऱ्याने त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४५७ मध्ये धरला. साधी वजाबाकी केली तर १८४३ हे साल येते. परंतु ख्रिस्तपूर्व १ नंतर एकदम इसवी सन १ येत असल्याने, मध्ये शून्य वर्ष नसल्याने, एक वर्ष वाढवावे लागते. अखेरीस २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. हजारो लोक वाट पाहत बसले. कित्येकांनी शेतातले पीकही काढले नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. ह्या प्रसंगास इतिहासात ‘महान निराशा’ असे नाव पडले आहे. त्या निराशेतून जे निभावले त्यांतूनच १८६३ साली सातव्या दिवसाच्या ॲडव्हेंटिस्टांचा पंथ संघटित झाला. पुण्यातील स्पायसर महाविद्यालय ह्याच पंथाचे. येणे निकट आहे हा त्यांचा विश्वास कायम राहिला. मात्र तारीख सांगण्याचा मोह त्यांनी सोडला.

गणित चांगले येणाऱ्यांनीही ह्या बाबतीत गणित केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणाऱ्या न्यूटनने आपल्या टिपणांत २०६० हे साल लिहून ठेवले होते. परंतु त्याचा हेतू निराळा होता. अंत त्यापूर्वी येण्याचे त्यास कारण दिसत नव्हते, आणि वरचेवर तारखा सांगून शास्त्राची अप्रतिष्ठा करणाऱ्यांची तोंडे त्यास बंद करावयाची होती. मुंबईकरांनीही असा एक तारीखवाला प्रत्यक्ष पाहिला. जोसेफ वुल्फ हा जन्माने यहुदी, रब्बीचा मुलगा, पुढे ख्रिस्ती झालेला आणि बुखाऱ्यापर्यंत भटकलेला विलक्षण प्रवासी १८३३ साली मुंबईस आला होता. ख्रिस्त १८४७ साली यरुशलेमेत राज्य करू लागेल, असे तो देशोदेशी सांगत फिरे. १८४७ साल आले आणि इतर सालांसारखेच सरून गेले.

वुल्फ मुंबईस आला त्याच सुमारास, १८३२ साली, चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात आपले काम सुरू केले होते. त्या काळच्या मिशनरींत दोन मते होती. एक पक्ष म्हणे, सुवार्ता हळूहळू सर्व जगात पसरेल, शाळा, छापखाने व सदाचार यांच्या योगाने पृथ्वीवर धर्मराज्य येईल, आणि त्या सुवर्णकाळाच्या शेवटी ख्रिस्त प्रकट होईल. दुसरा पक्ष म्हणे, जग सुधारत नाही, बिघडतच जाते. म्हणून ख्रिस्त आधी येईल आणि हजार वर्षांचे राज्य त्यानंतर तो स्वतःच स्थापील. वरवर पाहता हा केवळ क्रमाचा भेद वाटतो. प्रत्यक्षात त्यावर फार अवलंबून आहे. घर जळणारच असेल तर त्याची डागडुजी करावी, की आतल्या माणसांना लवकर बाहेर काढावे? जग टिकणार असेल तर विहीर खणावी. उद्या संपणार असेल तर विहीर कशाला?

नाशिकने ह्या प्रश्नास दिलेले उत्तर शरणपुराच्या रूपाने उभे आहे. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत वसविली. येथे अनाथ मुलांस व नवख्रिस्ती कुटुंबांस आश्रय मिळाला. सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकविले जाऊ लागले. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुलेही येथे आणली गेली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा तरुण पुढे लिव्हिंग्स्टन यांच्या शोधाकरिता आफ्रिकेत पाठविला गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली व झाडावर त्यांचे नाव कोरले; त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापावेतो पायी वाहून नेणाऱ्यांत नाशिकच्या शाळेतील मुले होती. ज्यांस स्वतःच्या आईबापांचा पत्ता नव्हता, त्यांच्या हाती नाशकात अक्षर व हत्यार दोन्ही दिली गेली. जगाचा शेवट उद्याच मानून असे काम उभे राहत नाही; आणि शेवटी कोणी हिशेब विचारणारा आहे हे न मानताही ते कदाचित उभे राहिले नसते.

आता ह्या वादातील तिसरा पक्ष. नाशिकच्या मिशनच्या पहिल्या कार्यकर्त्यांत चार्ल्स पिनहॉर्न फॅरार हे होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक विल्यम फॅरार १८३१ साली मुंबईत जन्मला आणि लहानपणीच शिक्षणासाठी विलायतेस गेला. पुढे तो वेस्टमिन्स्टर ॲबेचा कॅनन व १८९५ पासून कँटरबरीचा डीन झाला. १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ख्रिस्तचरित्राने त्याचे नाव घरोघर पोहोचले. डार्विनच्या अंत्ययात्रेत शवपेटीस खांदा देणाऱ्यांत हा धर्मगुरू होता, ह्यावरून त्याच्या मनाचा मोकळेपणा कळून येतो. १८८२ साली ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळावरील आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपादिले की, प्रकटीकरणातील बहुतेक भविष्ये पुढची नव्हेत, मागची आहेत. ती पहिल्या शतकातच पुरी झाली. त्यातील क्रूर श्वापद म्हणजे रोमचा बादशहा नीरो होय.

ह्यास प्रमाण म्हणून तो एक जुना हिशेब देतो. श्वापदाची संख्या ६६६ सांगितली आहे. आपल्याकडे कटपयादि पद्धतीत अक्षरांनी अंक दर्शविले जातात, तसेच हिब्रू भाषेत प्रत्येक अक्षरास मोल असते. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रूत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, पुन्हा नून ५०, मग कोफ १००, सामेख ६० आणि रेश २०० अशी अक्षरे येतात. त्यांची बेरीज बरोबर ६६६ होते. नीरो ६८ साली मेला. ७० साली तीतसाच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. ती पिढी सरण्यापूर्वीच सर्व घडेल असे जे ख्रिस्त म्हणाला ते ह्या विनाशाने अक्षरशः खरे ठरले, असे ह्या पक्षाचे म्हणणे.

ह्या मताचा लाभ उघड आहे. ख्रिस्ताचे वचन चुकले असा आक्षेप त्याने निकालात निघतो आणि तारखा सांगणाऱ्यांचा धंदाही बसतो. परंतु त्यावरील आक्षेपही तसेच सबळ आहेत. दुसऱ्या शतकातील इरेनियस सांगतो की, प्रकटीकरण हे डोमिशियन बादशहाच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ९५ साली दृष्टीस पडले. आणि आजचे बहुसंख्य विद्वान ह्याच काळाकडे झुकतात. ग्रंथ जर मंदिराच्या नाशानंतरचा, तर त्या नाशाचे भविष्य त्यात कसे असेल? शिवाय सर्व काही ७० सालीच पुरे झाले म्हटल्यास अन्याय सोसणाऱ्यास पुढची आशा कोणती? मृतांचा न्याय, अश्रूंचा अंत, नवी पृथ्वी ह्या गोष्टी यरुशलेमच्या राखेत कोणास दिसल्या नाहीत. म्हणून बहुतेक विचारी भाष्यकार मधला मार्ग धरतात: काही गोष्टी त्या पिढीत घडल्या, अंतिम गोष्ट अजून उरली आहे.

इकडे महाराष्ट्रात निकट आगमनाच्या पक्षास विसाव्या शतकाच्या आरंभी नवा जोर आला. नाशिकच्या शेजारच्या खानदेशात व वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्या अमेरिकन संस्थेचे काम होते. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांच्या शिकवणुकीत ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा व बरे करणारा, तसाच येणारा राजाही होता. सर्व राष्ट्रांस सुवार्ता पोहोचली म्हणजे शेवट येईल, ह्या वचनावरून ते असे मानीत की, मिशनचे काम केल्याने राजाचे येणे लवकर घडते. येथे ‘केव्हा’चे उत्तर पंचांगात नसून मनुष्याच्या श्रमांत आहे, हे ध्यानात घ्यावे.

१९०५ साली केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मोठी धर्मजागृती झाली. तिच्यात पुढाकार घेणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. पॅलेस्टाइनात आगोटीचा पाऊस पेरणीस व वळवाचा पाऊस कापणीपूर्वी पडतो. तद्वत पवित्र आत्म्याची ही वृष्टी कापणी जवळ आल्याची खूण आहे, अशी ह्या जागृतीतील पुष्कळांची श्रद्धा होती. तरीसुद्धा मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना शिकविणे थांबले नाही, छापखाना थांबला नाही. रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरीपर्यंत करीत राहिल्या. १९२२ साली त्या वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. जगाचा अंत दारात आहे असे मानणारे लोक भोवती असताना हिब्रूचे व्याकरण शिकून एकेक शब्द तोलीत बसणे, ही गोष्ट वादाच्या दोन्ही बाजूंस काही सांगणारी आहे.

नाशकातच ज्यांचे शिक्षण झाले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा मार्ग याहून वेगळा. त्यांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही त्यात जागा होती. दरबार ह्या शब्दातच राजा आताच सिंहासनावर बसलेला आहे ही कल्पना येते. जो आलाच आहे त्याची सेवा आधी करावी, हा त्या शब्दाचा ध्वनी.

येणेप्रमाणे पक्ष चार झाले. कोणी म्हणतो तो लवकरच येईल, कोणी म्हणतो जग सुधारल्यावर येईल, कोणी म्हणतो त्याचे राज्य चालूच आहे, कोणी म्हणतो जे सांगितले होते ते घडून गेले. चारही पक्षांत विद्वान आहेत, चारहींत भक्त आहेत. एकट्या तारखेचे मात्र असे झाले नाही. ज्यांनी ज्यांनी तारीख सांगितली, त्यांस काळाने खोटे पाडले. आणि त्यांच्यावर विसंबून शेत तसेच ठेवणाऱ्यांचे नुकसान तारीख सांगणाऱ्याने कधी भरून दिले नाही. शेवटचा दिवस गुप्त ठेवण्यात ईश्वराचा काही हेतू असेल तर तो हाच असावा की, प्रत्येक दिवस जबाबदारीचा व्हावा. सिंहस्थाची पर्वणी कळल्याने यात्रेकरू तयारीस लागतो. ही पर्वणी न कळल्यानेच मनुष्याने सदैव तयारीत असावे. धनी परत येईल तेव्हा चाकर कोणत्या पंथाचा आहे हे तो विचारीत नाही. हाती सोपविलेले काम चालू आहे की नाही, एवढेच तो पाहतो. शुभवर्तमानातील दृष्टान्ताचे तात्पर्य हेच आहे, आणि त्याबद्दल वादाच्या कोणत्याही पक्षाने आजवर वाद घातलेला नाही.