पिकअपचे पॉवर स्टेअरिंग आवाज करते तेव्हा
(पाटण येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



मोरगिरी, ढेबेवाडीकडून भाजीपाला आणि दुधाचे कॅन घेऊन कराडला जाणाऱ्या पिकअप आपण रोज पाहतो. त्यांतील बऱ्याच जुन्या विकत घेतलेल्या असतात. अशा गाडीचे स्टेअरिंग वळवताना बॉनेटखालून घूं-घूं आवाज येऊ लागला, की ‘पंप गेला’ असे सांगितले जाते. नवा पंप बसतो आणि थोड्याच दिवसांत तोही ओरडू लागतो. कारण दोष पुष्कळदा पंपात नसतोच.

हा पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. टाकीतील तेल ओढून ते दाबाने स्टेअरिंगकडे पाठवितो. तेलाबरोबर हवा ओढली गेली की तो ओरडतो. विहिरीचे पाणी खाली गेल्यावर पंप हवा धरू लागतो, तेव्हा त्याचा आवाज कसा बदलतो हे आपणांस सांगावयास नको. प्रकार तोच.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून टाकीतील तेल पाहावे. कमी असल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेक ऑइल कदापि घालू नये, त्याने रबरी सील फुगतात. तेलावर फेस असेल तर हवा शिरते आहे असे समजावे. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाईप नीट तपासावा. येथेच बहुतेकांची फसगत होते. हा पाईप ओढीचा असल्याने त्याला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली, तरी तेल गळेलच असे नाही. हवा मात्र आत जाते. पाईप तेलाला टिकणाराच घ्यावा, पाण्याचा चालत नाही. टाकीच्या तळाशी जाळी असल्यास तीही साफ करावी. गाळ बसला की पंप उपाशी राहतो.

सकाळी गाडी चालू करताच ‘चीं’ असा आवाज आला, तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला असतो. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळविल्यावर येणारा थोडा आवाज मात्र स्वाभाविक आहे. तेथे ते दाबून धरू नये.

हवा काढण्यासाठी पुढची चाके जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्यावा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश पंधरा-वीस वेळा पूर्ण फिरवावे व तेल पुरे करीत राहावे. मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवावे. फेस नाहीसा होईपर्यंत घाई करू नये. दाबाच्या पाईपची गळती चालू इंजिनवर हाताने चाचपू नये. बारीक धार कातडीत शिरते.

एवढे करूनही आवाज राहिला, तर तेलाचा थेंब पांढऱ्या फडक्यावर चोळावा. चकाकणारी कीस दिसली तर पंप खरोखरच झिजला आहे. तो बदलताना जुने तेल पूर्ण काढून पाईप व टाकी धुऊन घ्यावी, नाहीतर तीच कीस नवा पंप खाते.

कुंभार्ली घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करणारे अजूनही भेटतात. इंजिन थांबले की पंप थांबतो, स्टेअरिंग जड होते आणि ब्रेकचीही मदत जाते. चालू गाडीत स्टेअरिंग एकाएकी जड झाले, तर दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घ्यावी व आधी पट्टा पाहावा. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असेल तर इंजिन तापते, म्हणून गाडी तशीच पुढे रेटू नये.