अर्ज गेल्यानंतरचे चार महिने

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्याच्या वर्षाचे दोन तुकडे पडतात. ऑगस्टपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत धावपळ, आणि तिथून 15 एप्रिलपर्यंत नुसती वाट पाहणे. धावपळीच्या काळात सल्ला देणारे पैशाला पासरी भेटतात; पुण्यात, ठाण्यात, दादरला त्यासाठी क्लासही आहेत. पुढच्या चार महिन्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्या काळात विद्यापीठाच्या आत काय चाललेले असते हे ठाऊक असले, की बाहेर जाणवणाऱ्या शांततेचा बराचसा उलगडा होतो.

मुळात ही निवड कशी होते हे समजून घ्यायला मराठी विद्यार्थ्याला थोडा वेळ लागतो, कारण तो वाढलेला असतो मेरिट लिस्टवर. सीईटीचे गुण, कॅप राउंड, कटऑफ, पहिली यादी, दुसरी यादी: आपला क्रमांक कितवा आणि कुठे अडला हे त्याला आकड्यात कळते. अमेरिकेतल्या पीएचडीला अशी यादी लागत नाही. अर्ज विद्यापीठाकडे जात असला, तरी निवड विभाग करतो. म्हणजे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक भौतिकशास्त्राचे विद्यार्थी निवडतात. पुढची पाच-सहा वर्षे आपल्या प्रयोगशाळेत किंवा शेजारच्या खोलीत कोण असावे, हे ते ठरवत असतात. त्यामुळे 92 टक्केवाला राहतो आणि 78 टक्केवालीला बोलावणे येते, असे घडते, आणि त्यात वशिला शोधण्याचे कारण नसते.

फॉल सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होते. त्यासाठीची मुदत बहुतेक पीएचडी विभागांत आदल्या डिसेंबरच्या 1 ते 15 तारखेच्या दरम्यान संपते. एमएसच्या मुदती पुष्कळदा त्याहून उशिराच्या असतात. जीआरई परीक्षेचे महत्त्व उतरले आहे. 2020 नंतर अनेक विभागांनी तिची अट काढली, आणि सप्टेंबर 2023 पासून पावणेचार तासांची ही परीक्षा दोन तासांच्या आत आली. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या मागेपुढे असते. दहा ठिकाणी अर्ज म्हणजे हजारभर डॉलर, आणि ते परत मिळत नाहीत. त्यामुळे ‘अँबिशस’ किती आणि ‘सेफ’ किती याची घरोघरी होणारी बेरीज-वजाबाकी अगदीच पोकळ नसते.

खरी मेहनत दोन कागदांवर असते. पहिला एसओपी, म्हणजे आपल्याला काय शोधायचे आहे आणि ते याच विभागात का, हे सांगणारे एक-दोन पानांचे निवेदन. लहानपणी आकाशातले तारे पाहून पडलेल्या प्रश्नापासून ते सुरू करण्याची रीत इतकी जुनी झाली आहे, की वाचणारा प्राध्यापक तो परिच्छेद ओलांडूनच पुढे जातो. त्याला हवे असते ते दुसऱ्याच ठिकाणी: एमएस्सीच्या प्रकल्पात उपकरण बिघडले तेव्हा काय केले, आकडे जुळेनात तेव्हा चूक कुठे सापडली.

दुसरा कागद अर्जदाराच्या हातात नसतो. तो म्हणजे शिफारसपत्र, आणि अशी बहुधा तीन लागतात. इथे आपल्याकडची एक सवय आड येते. “तूच लिहून आण, मी सही करतो,” असे सर किंवा मॅडम म्हणतात. त्यांच्यामागे शंभर विद्यार्थी असतात हे खरे, पण एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे आणि त्याच हाताचा एसओपी शेजारीशेजारी ठेवले, की ओळखायला फार हुशारी लागत नाही. हुशार, मेहनती, नम्र, ही विशेषणे तर सगळ्याच पत्रांत असतात. मार्चमध्ये रात्री साडेअकरापर्यंत थांबून या मुलीने सगळी मोजमापे पुन्हा घेतली, असे एक वाक्य त्या विशेषणांना भारी पडते. अर्जात एक चौकोनही असतो: हे पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडता का? 1974 सालच्या अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला, म्हणून तो चौकोन आला. बहुतेक जण हक्क सोडतात. न सोडल्यास पत्र मोकळेपणाने लिहिले गेले का, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात राहते.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला उतारा, हा कष्टाचा नव्हे तर खेपांचा विषय. फॉर्म, चलन, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, आणि शेवटी हाती पडणारा बंद लिफाफा, ज्याच्या चिकटवलेल्या तोंडावर निम्मा इकडे निम्मा तिकडे असा शिक्का आणि वर सही. तो लिफाफा उघडला की त्याची किंमत संपली, म्हणून घरात तो कपाटात सर्वांत वर ठेवला जातो. हल्ली अर्जासोबत स्कॅन केलेली प्रत बहुतेक ठिकाणी चालते. शिक्क्याचा लिफाफा प्रवेश मिळाल्यावर मागतात.

मुदत संपते त्या रात्री अर्जदाराला वाटते, की आता तिकडे कोणीतरी आपला अर्ज उघडला असेल. तसे काही होत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात सत्रपरीक्षा उरकतात, नाताळची सुटी लागते आणि विभाग ओस पडतो. कार्यालयातली व्यक्ती फार तर अपुरे अर्ज बाजूला काढत असते, कोणाचे पत्र यायचे राहिले ते पाहत असते. वाचन सुरू होते जानेवारीत. मोजक्या प्राध्यापकांची समिती असते. त्यांना शिकवणे, संशोधन सांभाळून हे करायचे असते, त्यामुळे अर्जांचे गठ्ठे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वाचले जातात.

त्याच वेळी विभागाला दुसरा हिशेब करावा लागतो, तो पैशाचा. तिकडे पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी बहुधा माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. बदल्यात तो पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गांना शिकवायला मदत करतो किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करतो. म्हणजे जागा किती, हे अर्ज किती चांगले आले यावर ठरत नाही. किती जुने विद्यार्थी यंदा बाहेर पडतात, कोणाचे अनुदान सुरू होते आणि कोणाचे संपते, यावर ठरते. ज्या प्राध्यापकांचे नाव एसओपीत कौतुकाने घेतले, त्यांचे अनुदान याच वर्षी संपत असेल, तर उत्तम अर्जही बाजूला पडतो. नकाराच्या पत्रात हे लिहिलेले नसते. तिथे फक्त यंदा अर्ज फार आले एवढेच असते.

जीवशास्त्रासारख्या विषयांत जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात. परदेशातल्या अर्जदाराला त्या बहुधा व्हिडिओवर द्याव्या लागतात. गणितात किंवा मानव्यविद्यांत अनेक ठिकाणी मुलाखतच नसते, म्हणून मुलाखत आली नाही यावरून निष्कर्ष काढण्याआधी आपला विषय कोणता ते पाहावे. पहिली बोलावणी फेब्रुवारीत सुटू लागतात, आणि सर्वांत आधी अशांना, ज्यांना विशेष फेलोशिपसाठी पुढे करायचे असते.

इथून पुढचा संथपणा 15 एप्रिल या तारखेमुळे येतो. अमेरिकेतल्या ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या संघटनेचा एक ठराव आहे. त्यावर सह्या केलेली विद्यापीठे आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाचे उत्तर 15 एप्रिलच्या आत देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करत नाहीत. विद्यार्थ्याला सर्व पर्याय समोर ठेवून ठरवता यावे, हा हेतू. पण त्याची दुसरी बाजू अशी, की पाच ठिकाणी बोलावणे आलेली एक व्यक्ती दीड-दोन महिने पाच जागा अडवून बसू शकते. त्यातल्या चार जागांवर ज्यांना घ्यायचे, त्यांना विभाग हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणत नाही. काहींना प्रतीक्षायादीत असल्याचे कळवतात. काही त्या यादीत असतात आणि त्यांना ते सांगितलेलेच नसते. मार्च संपत आला तरी उत्तर नाही, याचा एक अर्थ हाही असू शकतो. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नकार कळवले जातात, जागा सुटतात आणि 13-14 तारखेला भराभर ईमेल येऊ लागतात. जिथे जायचेच नाही तिथे वेळेत नकार कळवणे, ही म्हणूनच नुसती सभ्यता नव्हे. कुठेतरी कोणाची तरी रात्र त्यावर अवलंबून असते.

रात्र हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा भारताच्या साडेदहा तास मागे असतो. तिथल्या कचेरीचे नऊ ते पाच म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन. कॅलिफोर्नियाचा दिवस आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो आणि सकाळी साडेसहाला मावळतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात, एवढाच काय तो दिलासा. उशाखाली फोन, दोनला जाग, पोर्टलवर तेच जुने वाक्य: अर्ज विचाराधीन आहे. सकाळी स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, “काही आलं का रे?” आणि लग्नसमारंभात भेटलेली आत्या विचारते, “काय झालं तुझ्या अमेरिकेचं?” काही जण म्हणूनच पहिले बोलावणे येईपर्यंत अर्जाचा पत्ताच लागू देत नाहीत. ते अवघड वाटत असेल, तर सर्वांना एकच ठरलेले उत्तर बरे पडते: एप्रिलच्या मध्याला कळेल.

अशा प्रतीक्षेचा अभ्यास झालेला आहे. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी कायद्याच्या पदवीधरांची पाहणी केली. कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा दिली की निकालाला सुमारे चार महिने लागतात, जवळपास या अर्जदारांइतकेच. काळजी दाबून टाकण्याच्या किंवा स्वतःची समजूत घालण्याच्या युक्त्यांनी काळजी फारशी कमी झाली नाही, असे तिथे दिसले. ती सुरुवातीला आणि अगदी शेवटी जास्त असते, मधल्या काळात ओसरते. आणखी एक गंमत दिसली: जे या काळात तळमळले होते, त्यांनी वाईट निकाल अधिक नीट पचवला आणि चांगल्या निकालाचा आनंदही त्यांनाच जास्त झाला. तेव्हा “कशाला एवढा विचार करतोस” हा घरचा सल्ला प्रेमाचा असला, तरी फार उपयोगाचा नाही. नंतरच्या पाहणीत उपयोग दिसला तो माणूस पूर्ण बुडून जाईल अशा कामाचा. फार सोपे काम मन धरून ठेवत नाही आणि फार अवघड काम वैताग आणते, मधले हवे. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातला प्रबंध त्या मापात चपखल बसतो.

या काळात विभागाला लिहावे का? नवा शोधनिबंध स्वीकारला गेला असेल, तर लिहावे. मार्चच्या मध्यानंतर एकदा विभागाच्या प्रवेश-कार्यालयाला चार ओळींत विचारणेही रीतीला धरून आहे. दर आठवड्याला, किंवा थेट समितीतल्या प्राध्यापकांना लिहिणे नाही.

बोलावणे आले की पत्र आनंदात वाचून झाल्यावर पुन्हा एकदा पेन हातात घेऊन वाचावे. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, किती वर्षांची हमी, आरोग्यविमा आणि किरकोळ शुल्के कोण भरणार, हे त्यात असते. बॉस्टनमधल्या खोलीच्या भाड्यात एखाद्या लहान विद्यापीठ-गावात अख्खे घर मिळते, त्यामुळे मोठा आकडा नेहमी मोठा नसतो. एमएसला बहुतेकांना स्वतःचा पैसा किंवा कर्ज लागते. परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देणारा मुंबईचा जे. एन. टाटा एंडाउमेंट 1892 पासून चालू आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन मानकऱ्यांत कोल्हापूरला काम केलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर.

सगळीकडून नकार आला, तर पुढच्या वर्षी त्याच विभागांत पुन्हा अर्ज करता येतो. जीआरईचे गुण 5 वर्षे चालतात. मधल्या वर्षात एखाद्या संशोधन-प्रकल्पावर काम मिळाले, तर शिफारसपत्रात लिहायला नवे काही तयार होते. आणि ज्यांचे जमले, त्यांच्यासाठी मे महिन्यात विद्यापीठाकडून आय-20 हा कागद येतो. तो हाती धरून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख शोधायची असते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीबाहेर, पारदर्शक फोल्डरमध्ये सगळी कागदपत्रे क्रमाने लावून, ही मंडळी सकाळी लवकर रांगेत उभी असतात.