बाण, तोफा आणि असईचे रण



बेंगळूरची चामराजपेट ही वस्ती 1892 साली आखली गेली. तिच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर जुन्या किल्ल्याचा उरलेला दगडी भाग उभा आहे, आणि त्याच आसमंतात तारामंडलपेट नावाची एक पेठ आहे. हे नाव टिपूच्या बाणदारांवरून पडले असे सांगतात. येथे बाण म्हणजे धनुष्याचा नव्हे. दारूने भरलेली लोखंडी नळी लांब बांबूला बांधून पेटवावयाची, तो हा अग्निबाण. आपल्या मराठी फौजांतही बाण होते. परंतु लोखंडाची नळी दारूचा अधिक दाब सोसते, म्हणून म्हैसूरचा बाण लांब जाई. नेम मात्र बेताचाच. त्याचे खरे काम घोडी बुजविण्याचे आणि दाटीने उभ्या असलेल्या पलटणीत गोंधळ माजविण्याचे. 2018 साली शिमोगा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत अशा हजारावर गंजलेल्या नळ्या सापडल्या.

1799 च्या एप्रिलमध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या आमराईत रात्रीच्या अंधारात या बाणांचा मारा एका तरुण इंग्रज कर्नलास सोसावा लागला, आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. पुढे इंग्लंडात वुलिच येथे काँग्रीव्हने याच धर्तीचे बाण बनविले आणि 1813 साली ते लाइपझिगच्या रणावर नेपोलियनविरुद्ध वापरले गेले. आपल्याला मात्र त्या कर्नलाच्या मागे जावयाचे आहे. कारण 1803 च्या मार्चमध्ये तो हरिहरहून निघाला तो थेट आपल्या मुलखात आला.

23 सप्टेंबर 1803. आजच्या जालना जिल्ह्यातील असई. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि सुमारे शंभर तोफा. सेनानी पोलमन, मूळचा हानोव्हरचा. नदीला उतार नाही असे वाटाड्ये सांगत होते. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच वेलस्लीने ताडले की, मध्ये उतार असलाच पाहिजे. तो तेथून पार झाला व बगलेवर आला. त्या क्षणी त्याची अपेक्षा होती की शिंद्यांची फौज गडबडेल. ती गडबडली नाही. पोलमनने कवायतीने आघाडी वळविली आणि नदीपासून असई गावापर्यंत नवी रांग उभी केली.

त्या काळच्या बंदुकीचा मारा शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे, आणि तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. म्हणून त्या अंतरापर्यंत राज्य तोफेचे. दूरवर भरीव गोळा, जवळ आल्यावर लहान गोळ्यांनी भरलेला डबा. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मेले, तोफा मागे राहिल्या. मग पायदळ संगिनी रोखून सरळ चालून गेले. चुकीच्या दिशेने असईच्या तटाकडे वळलेली चौऱ्याहत्तरावी पलटण जवळजवळ नष्ट झाली. वेलस्लीकडील पंधराशेंवर माणसे मेली वा घायाळ झाली.

शिंद्यांनी गनिमी कावा सोडून पलटणी धरल्या ही चूक, असे मत मन्रोसारख्या इंग्रजांनीच नोंदविले आणि आपल्याकडे ते पुष्कळदा उगाळले जाते. मला ते पटत नाही. पलटणी व तोफा कमी पडल्या नाहीत. कमी पडले ते वर. युद्ध सुरू होताच ब्रिटिश अधिकारी चाकरी सोडून गेले. दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले लवकरच रणातून निघाले. हजारो घोडेस्वार नुसते पाहत उभे राहिले.

गोलंदाज तेवढे हलले नाहीत. इंग्रज रांग अंगावरून पुढे गेली, तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले काही जण उठले आणि त्याच तोफा मागून त्या रांगेवर डागू लागले. वेलस्लीला परत वळून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. म्हातारपणी, आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारले असता, वॉटर्लूच्या या विजेत्याने असईचेच नाव घेतले. सायंकाळी 98 तोफा त्याच्या हाती आल्या. त्यांच्याजवळ त्यांचे गोलंदाज पडलेले होते.