गळाचा तरंगा: पाव ग्रॅमचा हिशोब

वाशिमवरून बोलतोय. दिवसभर कोड लिहितो, रविवारी गळ घेऊन पाण्यावर जातो. बऱ्याच जणांनी मेसेज केले की भाऊ, त्या बर्फातल्या मासेमारीच्या रील्स पाहतो, तो छोटा रॉड आणि तो लाल बॉबर, ते आपल्याकडं कसं लावायचं? म्हणून आजचा भाग फक्त काठी आणि तरंग्यावर.

आधी बर्फाचं पाहू. फिनलंडमध्ये किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात तळं गोठलं की लोक बर्फाला भोक पाडतात आणि वरून सरळ खाली गळ सोडतात. गळ लांब फेकायचाच नसतो, म्हणून रॉड आखूड, दोन-अडीच फुटांचा. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, हळूच तोंड लावतो. म्हणून तिथला बॉबर एकदम बारीक आणि हलका ठेवतात. आपल्या एकबुर्जीवर किंवा अडाणवर बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी रोहू असाच हळू खातो. म्हणजे रॉड त्यांचा घ्यायची गरज नाही, हिशोब मात्र त्यांचाच घ्यायचा.

तरंगा काय करतो? पाण्याखाली काय चाललंय ते वर सांगतो. आमच्या भाषेत सेन्सर. आणि सेन्सरचा थ्रेशोल्ड चुकीचा ठेवला, तर नोटिफिकेशन उशिरा येतं. आता आकडे ऐका. थर्माकोलचा ३ सेंटिमीटरचा गोळा घेतला, तर त्याचं आकारमान साधारण १४ घन सेंटिमीटर. म्हणजे तो जवळपास १४ ग्रॅम वजन पेलतो. तुम्ही खाली २ ग्रॅम शिसं लावलं, तर उरलेले १२ ग्रॅम माशाला ओढावे लागतात, तेव्हा कुठं गोळा बुडतो. आता ज्वारीच्या धांड्याचा गाभा घ्या, लहानपणी ज्याच्या बैलगाड्या केल्या तोच. पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक, ८ सेंटिमीटर लांब. त्याला शिसं असं लावा की फक्त १ सेंटिमीटर टोक वर राहील. तो बुडवायला माशाला पाव ग्रॅमच्या आसपास जोर पुरतो. १२ ग्रॅम आणि पाव ग्रॅम. फरक चाळीस पटीपेक्षा जास्त!

एकबुर्जीच्या काठावर एक भोई काका भेटतात, त्यांनी हे कधी मोजलं नसेल. पण ते एका वाक्यात सांगतात, "माशाले जड लागलं का थो तोंडातून सोडून देते." बस, सगळं फिजिक्स यात आलं.

आता लावायचं कसं ते.

काठी बांबूची, सरळ, १० ते १२ फूट. तंगूस नुसता शेंड्याला बांधू नका. मधल्या पेराला एक गाठ मारा, तिथून गुंडाळत शेंड्यापर्यंत न्या आणि तिथं परत बांधा. शेंडा मोडला तरी मासा हातातून जात नाही. खाली सुटा तंगूस काठीच्या लांबीएवढाच ठेवा.

धांड्याचा गाभा पाणी पितो आणि तासाभरात जड होतो. म्हणून आधी नेलपॉलिशचे दोन हात द्या, टोकाला लाल किंवा केशरी. ताईची बाटली विचारून घ्या! तंगुसावर बसवायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन छोटे तुकडे घ्या, एक वर, एक खाली. आता तरंगा वर-खाली सरकवता येतो.

शिशाच्या गोळ्या गळाच्या एक वीत वर लावा. पक्कडीने दाबा, दाताने नाही, शिसं विषारी असतं. हे सगळं घरीच बादलीत करा. एकेक गोळी वाढवत जा, आणि १ सेंटिमीटर टोक राहिलं की थांबा. काठावर जाऊन हे करत बसलात तर अर्धी सकाळ त्यातच जाते.

काठावर पहिलं काम खोली मोजायचं. गळाला खोडरबराचा तुकडा आणि त्यावर एक जड नट अडकवा. पाण्यात सोडा. तरंगा पूर्ण बुडाला तर पाणी जास्त खोल आहे, तरंगा वर सरकवा. आडवा पडला तर तंगूस जास्त झाला, खाली घ्या. टोक बरोबर पाण्यावर आलं की तळ सापडला. हे दरवेळी मोजायचं, कारण धरणाचं पाणी दिवाळीला एक आणि होळीला दुसरंच असतं. मृगळ तळाला खातो, त्यासाठी आमिष तळाशी. रोहू मधल्या थरात, आणि कटला वरच्या थरात. म्हणजे कोणता मासा पाहिजे, ते तरंग्याची जागा ठरवते.

आणि फक्त बुडण्याची वाट पाहू नका. तळाला खाणारा मासा आमिष उचलतो, शिशाचं वजन निघून जातं, आणि तरंगा वर येऊन आडवा होतो. तेव्हाही काठी उचलायची. झटका नाही, मनगटानं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, एका काडीसाठी एवढं कशाला? ऐका. जड तरंग्यात तुम्हाला कळेपर्यंत मासा गळ गिळून मोकळा होतो. गळ पोटात गेला की बोटभर रोहू सोडला तरी बहुतेक मरतो. आणि तो रोहू तिथं आपोआप आलेला नसतो. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. म्हणून आज बीज मिळतं. ते बीज मच्छीमार सहकारी संस्था विकत घेते, बोटुकली तलावात सोडते, आणि तो वाढायची वाट पाहते. तुमच्या हातातला मेलेला लहान रोहू म्हणजे कोणाच्या तरी घरचे पुढच्या वर्षीचे पैसे आहेत.

म्हणून तीन गोष्टी. तलाव ज्या संस्थेकडं असेल, त्यांना आधी विचारा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे लहान मासा ओल्या हातानं लगेच सोडता येतो. आणि जेवढे तरंगे डोळ्यासमोर राहतील तेवढ्याच काठ्या लावा, माझ्या दोन असतात. रात्री दगडाला गळ बांधून घरी जायचं नाही, त्यात पाणकावळे आणि कासवं अडकतात. तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणा. एकबुर्जीचं पाणी तर वाशिम शहर पितं.

एक शेवटचं. काठी उभी धरून विजेच्या तारेखाली जाऊ नका, कार्बनचा रॉड असेल तर अजिबात नाही. ढग गडगडले की गुंडाळा. आणि धरणाच्या दगडी उतारावर शेवाळ असतं, तिथं एकटं उतरू नका.

या रविवारी बाजारातला बॉबर नका घेऊ. एक धांडा घ्या, एक बादली घ्या, आणि तुमचं टोक किती सेंटिमीटरवर बसलं ते मला कळवा. पुढच्या भागात आमिषाबद्दल बोलू, कणीक की गांडूळ. तोपर्यंत, राम राम!