हापसा बंद पडतो तेव्हां



शहरांत आपण तोटी फिरवितों आणि पाणी येतें. तें कोठून आलें, कोणीं वर चढविलें आणि न्हाणीघरांतून वाहिलेलें पुढें कोठें गेलें, हे प्रश्न आपणांस पडत नाहींत. पन्नास-साठ उंबऱ्यांच्या डोंगरी वाडीला मात्र हे तिन्ही प्रश्न रोजचेच असतात. अशा वाडीला पाण्याची सोय एकदां करून देणें ही एक गोष्ट, आणि ती सोय वर्षानुवर्षें चालू राहणें ही अगदीं वेगळी. आज मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या गोष्टीविषयीं, आणि त्यासाठीं एका साध्या यंत्राची, म्हणजे हापशाची, हकीकत मीं निवडली आहे.

१९६० नंतरच्या दशकांत कठीण खडकांत विंधणविहिरी पाडणारीं यंत्रें आपल्या देशांत आलीं. दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचें पाणी हातीं लागूं लागलें, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर गांवोगांव हापसे उभे राहिले. परंतु १९७४ सालच्या पाहण्यांत असें आढळून आलें कीं, बसविलेल्या हापशांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश बंद आहेत! खालीं पाणी होतें, वर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि मधलें लोखंड तेवढें निकामी होतें.

याचें कारण मोठें उद्बोधक आहे. ते बिडाचे पंप परदेशांतल्या शेतघरांतील पंपांच्या नमुन्यावरून केलेले होते. एका कुटुंबानें दिवसांतून दहा-वीस वेळां दांडा हालवावा, इतकेंच काम त्यांना ठाऊक. येथें त्यांवर सबंध गांव लोटलें. पहाटेपासून काळोख पडेपर्यंत दांड्याला विसांवा म्हणून नाहीं. सांधे झिजले, बीड तडकलें. यांत नमुना करणाऱ्याचा दोष नव्हता आणि गांवकऱ्यांचाही नव्हता. वस्तु कोणासाठीं केलेली आणि वापरणार कोण, याचा मेळच कोणीं घातला नव्हता.

तो मेळ घालण्याचा उद्योग आपल्या महाराष्ट्रांत झाला, हें सांगतांना आनंद वाटतो. जालना येथें मिशनच्या कार्यकर्त्यांनीं आणि पुढें सोलापूर येथील कार्यशाळेनें पोलादी पंप तयार केले. सोलापुरी पंपाचा दांडा एकाच आंसावर फिरे आणि साखळीनें सळई सरळ वर ओढली जाई. त्यामुळें झीज पुष्कळच कमी झाली. याच पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या साहाय्यानें, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ हा हापसा घडला, आणि पुढील दहा-बारा वर्षांत असे दहा लाखांहून अधिक हापसे देशभर बसले.

गोष्ट येथेंच संपली असती तर किती बरें झालें असतें! पण मजबूत यंत्रही केव्हां तरी बिघडतेंच. खोल पाण्यांत बुडालेल्या नळकांड्यांतील वॉशर झिजे. वस्तु तळहातावर मावेल एवढी. परंतु ती बदलण्यासाठीं शंभर-दीडशें फूट लोखंडी नळ वर खेंचावे लागत. त्याकरितां तिवई हवी, जड हत्यारें हवीं, चार-पांच माणसें हवींत आणि त्यांना घेऊन येणारी मोटार हवी. ती मोटार तालुक्याहून अथवा जिल्ह्याहून यावयाची. वाडी जितकी आडवाटेची, तितकी मोटार उशिरां. आणि तोंवर बायका पुन्हां जुन्या डबक्याकडे वळावयाच्या. त्या डबक्याचें पाणी मुलांच्या पोटांत गेलें कीं हगवण आलीच.

म्हणून पुढें ‘मार्क तीन’ निघाला. त्याचा नळ रुंद होता. दट्ट्या आणि झडप त्या नळांतूनच वर काढतां येत. १९८० नंतरच्या दशकांत कोइमतूर जिल्ह्यांत त्याची परीक्षा झाली. एक पान्यांची पिशवी आणि दोन माणसें असलीं कीं नेहमीची दुरुस्ती गांवांतच होई. तो महाग पडे, म्हणून सर्वत्र पसरला नाहीं. पण दुरुस्ती वापरणाऱ्याच्या आवाक्यांत असावी, हा विचार त्यानें रुजविला. उत्तर प्रदेशांतील बांदा भागांत १९९० नंतरच्या दशकांत कित्येक निरक्षर स्त्रिया हापसे दुरुस्त करावयास शिकल्या. जिच्या डोक्यावर घागर, तिच्याच हातीं पाना आला.

आतां हापसा मागें पडून घरोघर नळ येत आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन मोहिमेनें प्रत्येक ग्रामीण घरीं नळ आणि माणशीं दररोज ५५ लिटर पाणी हें ध्येय ठेविलें. ध्येय उत्तमच, परंतु नळामागें विजेचा पंप आला, विजेचें बिल आलें, आणि पाणी सोडणारा माणूस आला. सहाशें घरांच्या गांवाला तो माणूस लागतो, तसाच साठ घरांच्या वाडीलाही लागतो. त्याचा पगार साठांत वाटला कीं प्रत्येक घराचा वांटा दसपट होतो, आणि वाडीची मिळकत तर गांवाहूनही तुटपुंजी. मग बिल थकतें, वीज तुटते आणि नवी कोरी टांकी कोरडी उभी राहते.

कोणी म्हणतील, ज्याचें पाणी त्यानें पैसा द्यावा. रोजच्या खर्चापुरतें हें मलाही मान्य आहे. पाणीपट्टी भरणारा मनुष्य हक्कानें जाब विचारतो. परंतु पंप जळाला, नळ फुटला, तर तो भार एकट्या वाडीवर टाकूं नये. दहा-पंधरा वाड्यांचा एक शिकलेला कारागीर आणि एक सामाईक निधि असावा, आणि त्यांत सरकारनें भर घालावी. ही भीक नव्हे. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात, हें आपण नागरिकांनीं विसरूं नये.

सांडपाण्याचेंही तेंच. नळाचें पाणी आलें कीं त्यांतलें बहुतेक घाण होऊन अंगणांत येतें. शहरासारखीं गटारें आणि शुद्धीकरणाचीं यंत्रें आणलीं, तर आणखी एक पंप आणि आणखी एक बिल. लहान वस्तीला शोषखड्डा आणि दोन खड्ड्यांचें शौचगृह हेंच पेलतें. एक खड्डा भरला कीं वाट दुसऱ्याकडे वळवावी. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यांतील मैल्याचें खत होतें. विहिरीपासून अंतर मात्र राखलें पाहिजे, आणि वाट वेळेवर वळविण्याचें भान कोणाला तरी असलें पाहिजे.

तेव्हां एखाद्या गांवीं गेलांत आणि नवी टांकी कौतुकानें दाखविण्यांत आली, तर ती जरूर पाहा. पण तीन प्रश्न विचारा. वॉशर कोठें मिळतें? पाना कोणाच्या घरीं असतो? आणि मागच्या खेपेस पाणी बंद पडलें, तें किती दिवसांनीं सुरू झालें? उत्तरें चटकन् मिळालीं, तर त्या गांवांत पाणीपुरवठा आहे असें समजा. न मिळालीं, तर तेथें अजून केवळ टांकीच आहे.