नाडीच्या लयीचा मागोवा : डॉ. जेम्स मॅकेंझी



मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहणारा वैद्य आपल्या समाजाला शतकानुशतके परिचयाचा आहे. नाडी मंद आहे की चपळ, भरलेली आहे की क्षीण, एवढे अनुभवी बोटांना कळते. परंतु नाडी मधूनच अडखळते तेव्हा हृदयात नेमके काय घडते, आणि त्या अडखळण्यामुळे रोग्याच्या जिवाला धोका आहे की नाही, या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील नामवंत वैद्यांपाशीही नव्हती. त्या उत्तरांच्या शोधात ज्याचा वाटा फार मोठा आहे, तो मनुष्य त्या काळी ना विद्यापीठात प्राध्यापक होता, ना राजधानीतील विशेषज्ञ. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात कापडगिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या बर्न्ली गावचा तो एक साधा डॉक्टर होता. त्याचे नाव जेम्स मॅकेंझी.

मॅकेंझी यांचा जन्म १८५३ साली स्कॉटलंडमधील स्कोन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते पर्थ येथील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे १८७४ मध्ये, म्हणजे बरोबरीचे विद्यार्थी पदवीच्या जवळ पोचण्याच्या वयात, त्यांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. १८७८ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी बर्न्लीतील एका चालू दवाखान्यात भागीदारीने दाखल झाले. गिरणी-कामगारांची बाळंतपणे, मुलांचे ताप, यंत्रात सापडलेले हात, अपरात्रीच्या हाका असा तो व्यवसाय होता. संशोधनाला लागणारा निवांतपणा त्यात शोधूनही सापडला नसता.

संशोधनाकडे त्यांना ओढले ते एका मृत्यूने. हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांदेखत दगावली. हा धोका आधी ओळखता आला असता काय, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी ग्रंथ धुंडाळले, तेव्हा एक विलक्षण उणीव त्यांच्या ध्यानात आली. हृदयाच्या ध्वनींची आणि नाडीच्या प्रकारांची वर्णने ग्रंथांत विपुल होती. परंतु अमुक लक्षण असलेल्या माणसाचे पाच, दहा, वीस वर्षांनी काय होते, हे कोठेच सांगितलेले नव्हते. कारण उघड होते. मोठ्या रुग्णालयातील वैद्याला रोगी भेटतो तो बहुधा रोग बळावल्यावर, आणि काही आठवड्यांनी तो दृष्टीआड होतो. गावच्या डॉक्टराला मात्र तोच माणूस बालपणी भेटतो, तारुण्यात भेटतो आणि वार्धक्यातही भेटतो. ज्या स्थितीला इतर लोक संशोधनातील अडचण समजत, तीच आपली खरी साधनसंपत्ती आहे, हे मॅकेंझी यांनी ओळखले. प्रत्येक रोग्याची तपशीलवार नोंद ठेवायची आणि ती वर्षानुवर्षे पुढे चालवायची, हा त्यांचा नेम झाला.

नोंदीला मापनाची जोड हवी होती. मनगटाची नाडी कागदावर उमटविणारी यंत्रे तेव्हा उपलब्ध होती. पण मनगटावर कळते ते केवळ हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे, म्हणजे निलयांचे, कार्य. वरच्या कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, आकुंचन कसे समजावे? मॅकेंझी यांनी मानेतील नीलेकडे लक्ष वळविले. अलिंद आकुंचन पावले की रक्ताची एक लहानशी लाट मानेतील नीलेत मागे उठते. ही लाट आणि मनगटाची नाडी एकाच वेळी एकाच कागदावर उमटविली, तर हृदयाच्या दोन्ही मजल्यांचा हिशेब समोरासमोर मांडता येतो. यासाठी त्यांनी ‘पॉलिग्राफ’ हे यंत्र तयार केले. प्रारंभी काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. पुढे जवळच्या पॅडिहॅम गावातील घड्याळजी सेबॅस्टियन शॉ यांच्या मदतीने शाईने लिहिणारे, रोग्याच्या घरी नेता येईल असे यंत्र सिद्ध झाले.

या साधनाने नाडीच्या अनियमितपणाचे वेगवेगळे प्रकार उलगडू लागले. तरुणांमध्ये नाडी श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते. ते निरोगीपणाशी पूर्ण सुसंगत आहे. दुसऱ्या प्रकारात एखादा ठोका वेळेआधी पडतो, मागोमाग विराम येतो आणि हृदय थांबलेसे वाटून माणूस घाबरतो. अशा जादा ठोक्यांची माणसे वर्षानुवर्षे धडधाकट राहून कामधंदा करीत असल्याचे मॅकेंझी यांच्या नोंदवह्यांत दिसून आले. या निष्कर्षाचे मोल रोग्यांच्या दृष्टीने अपार होते. केवळ नाडी चुकते म्हणून त्या काळी कित्येकांना अंथरुणाला खिळविले जाई आणि मुलांना खेळ बंद होत. नसलेल्या रोगाचे भय घालून निरोगी माणसाला जन्माचा रोगी करणे हाही अपकारच आहे, अशी मॅकेंझी यांची भूमिका होती. आजचे शास्त्र त्यात एक सावधगिरीची भर घालते : हृदयाचा मूळ आजार असेल किंवा ठोके फार वारंवार पडत असतील, तर तपासणी अवश्य करावी.

तिसरा प्रकार गंभीर होता. संधिज्वरामुळे हृदयाची झडप अरुंद झालेली एक स्त्री १८८० पासून त्यांच्या देखरेखीखाली होती. १८९८ मध्ये तिची नाडी एकाएकी पूर्णपणे विस्कळीत झाली. जुन्या आलेखांत मानेच्या नीलेत ठळक दिसणारी अलिंदाची लाट नव्या आलेखात नाहीशी झालेली होती. अठरा वर्षांच्या नोंदी हाताशी नसत्या, तर हे स्थित्यंतर कोणाच्या लक्षातही आले नसते. अलिंद लुळे पडले असावे, असा तर्क मॅकेंझी यांनी प्रथम केला. परंतु अशा काही रोग्यांच्या शवविच्छेदनात अलिंदांचे स्नायू जाड झालेले आढळले, आणि जो स्नायू कामच करीत नाही तो जाड कसा होईल? तेव्हा अलिंद आणि निलय एकाच वेळी आकुंचन पावत असावेत, असा दुसरा तर्क त्यांनी मांडला.

हा तर्कही चुकीचा ठरला. लायडनच्या आइंथोव्हेन यांनी हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याचे साधन निर्माण केले होते. त्याच्या साहाय्याने १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी, आणि त्याच वर्षी व्हिएन्नातील रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, अशा रोग्यांत अलिंदे लुळीही नसतात व एकसंध आकुंचनही पावत नाहीत, ती नुसती थरथरत असतात, हे दाखवून दिले. हाच ‘एट्रियल फिब्रिलेशन’ नावाचा विकार. लुईस हे मॅकेंझी यांच्याहून वयाने पुष्कळ लहान होते आणि त्यांना या विषयाकडे वळविण्यात मॅकेंझी यांचाच हात होता. मॅकेंझी यांनी आपला तर्क सोडून नवे स्पष्टीकरण स्वीकारले. त्यांचे निरीक्षण अबाधित राहिले. स्पष्टीकरण तेवढे बदलले.

उपचारांतही या निरीक्षणाचा उपयोग झाला. डिजिटॅलिस ही वनस्पतिजन्य औषधी विल्यम विदरिंग यांच्या १७८५ च्या ग्रंथापासून वैद्यांना ठाऊक होती. पण ती कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, याविषयी गोंधळ होता. अलिंदे थरथरत असून नाडी बेफाम धावत असेल, तर ती या औषधीने ताळ्यावर येते व रोग्याला उल्लेखनीय आराम पडतो, हे मॅकेंझी यांनी रोग्याशेजारी बसून मात्रा मोजून दाखविले. त्यांचा मूळ प्रश्न नेहमी एकच असे : हे हृदय किती काम करू शकते? किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो, पूर्वी किती चढल्यावर लागत असे, हे विचारल्यावाचून केवळ ध्वनी ऐकून निदान करणे त्यांना मान्य नव्हते.

‘द स्टडी ऑफ द पल्स’ हा त्यांचा ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्न्लीत अठ्ठावीस वर्षे काढून १९०७ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ते लंडनला गेले. प्रारंभी तेथे त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. पुढे मात्र कीर्ती धावत आली. १९१५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि ‘सर’ हा किताब त्यांना लाभला. तरीही १९१८ मध्ये लंडनचा भरभराटीचा व्यवसाय सोडून ते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या लहान नगरात गेले. गावातील डॉक्टरांनी आपापल्या रोग्यांच्या दीर्घकालीन नोंदी ठेवाव्यात आणि रोगाचा उगम त्याच्या पहिल्या, किरकोळ वाटणाऱ्या लक्षणांपाशी शोधावा, या हेतूने १९१९ मध्ये त्यांनी तेथे संस्था उभारली.

या काळात त्यांना स्वतःलाच हृदयशूळाने ग्रासले होते. १९२३ च्या हृदयशूळावरील ग्रंथात त्यांनी आपल्याच आजाराची हकीकत, नाव न देता, इतर रोग्यांच्या हकीकतींच्या ओळीत नोंदविली. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर त्यांचे हृदय अभ्यासासाठी सेंट अँड्र्यूज येथे ठेवण्यात आले.

आज या विकाराचे आकलन पुष्कळ पुढे गेले आहे. थरथरत्या अलिंदात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो, म्हणून अनेक रोग्यांना रक्त गोठू न देणारी औषधे देतात. फुप्फुसांकडून येणाऱ्या नीलांच्या मुखाशी या विकाराचे उगमस्थान अनेकदा असते, हे बोर्दो येथील वैद्यांनी १९९८ मध्ये दाखविल्यावर तेथील ऊतक नलिकेद्वारे निकामी करण्याचे उपचार रूढ झाले. मनगटी घड्याळही आता हृदयाचा आलेख काढते. तथापि मॅकेंझी यांच्या रोगिणीची झडप ज्या संधिज्वराने अरुंद केली, तो भारतात अजूनही कोवळ्या वयाच्या मुलांची हृदये पोखरतो. घसादुखीनंतर मुलाला ताप येऊन सांधे सुजले, तर वेळीच वैद्याला दाखवावे, कारण पेनिसिलीनच्या नियमित उपचाराने पुढची हानी पुष्कळ अंशी टाळता येते.

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक प्रसंगी या डॉक्टराचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे. एका स्त्रीच्या नाडीचे दोन आलेख, मध्ये अठरा वर्षांचे अंतर. पहिला कागद कोणीतरी जपून ठेवला होता, म्हणून दुसऱ्याला अर्थ आला.