परक्या भांडवलाची चौकशी

गावात जमिनीचा व्यवहार झाला की पहिला प्रश्न येतो, घेतली कोणी? सातबारावर नाव लागते एकाचे, पण पारावरच्या मंडळींना ठाऊक असते की पैका दुसऱ्याचाच आहे. मग पुढची विचारणा. हा माणूस विहिरीच्या पाण्याचे काय करील? गाडीवाट अडवील का? घेणारा रोख पैसे मोजतो म्हणून कोणी हे विचारायचे सोडत नाही. परदेशातला पैसा देशात येतो तेव्हा सरकारलाही असेच विचारावे लागते. उदाहरणासाठी लांब जायला नको. पुण्याजवळच्या तळेगावचेच घेऊ.

तळेगावला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २००८ साली मोटारींचा कारखाना सुरू केला. धंदा मनासारखा चालला नाही. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले. कारखाना चालू राहिला, पण गाड्या परदेशी जाऊ लागल्या. पुढे तो विकायचेच ठरले, आणि १७ जानेवारी २०२० रोजी चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी प्राथमिक करार झाला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मोटारी बनवण्याच्या उद्योगात परकी कंपनीला शंभर टक्के पैसा घालता येई, आणि त्यासाठी केंद्र सरकारची आगाऊ परवानगी लागत नसे.

बरोबर तीन महिन्यांनी, १७ एप्रिल २०२० रोजी, केंद्र सरकारने हा नियम बदलला.

ते दिवस आपल्या सर्वांच्या ध्यानात असतील. करोनाची टाळेबंदी होती, बाजार बंद होते, चांगल्या चांगल्या कंपन्यांचे भाग मातीमोलाने मिळत होते. अशात बातमी आली की घरबांधणीला कर्ज देणाऱ्या एचडीएफसी या मुंबईच्या कंपनीत चीनच्या मध्यवर्ती बँकेचा हिस्सा १.०१ टक्क्यांवर गेला आहे. आता, एवढ्याशा हिश्शाने कंपनी कोणाच्या ताब्यात जात नाही. पण गावात दुष्काळ पडला आणि कोणी पडत्या भावाने जमिनी घेऊ लागला, तर पहिला तुकडा अर्ध्या एकराचा असला तरी लोक सावध होतातच की नाही?

नवा नियम असा होता. ज्या देशाची जमिनीवरची सीमा भारताला लागून आहे, तिथल्या कंपनीने वा माणसाने इथे पैसा घालायचा तर आधी सरकारची मंजुरी घ्यायची. पूर्वी ही अट पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यापुरतीच होती. चीनचे नाव नियमात कुठेही नाही. शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात नकाशा लावून मुलांना हे देश मोजायला सांगावेत, सात भरतील. श्रीलंका त्यात येत नाही, कारण मध्ये समुद्र आहे. अफगाणिस्तान येतो, आणि तो कसा, हे एखादे चौकस पोर विचारल्याशिवाय राहणार नाही. उत्तराची तयारी ठेवा!

नियमातली खरी मेख दुसरीच आहे. पैसा सिंगापूरहून आला, मॉरिशसहून आला, तरी त्याचा खरा धनी कोण ते पाहायचे. तो धनी या सात देशांतला असेल तर २०२० च्या त्या नियमाप्रमाणे अट लागू होई. म्हणजे सातबारावरचे नाव वाचून थांबायचे नाही, पैका कोणाचा ते शोधायचे.

कोणी म्हणेल, मोटारीच्या कारखान्यात देशाला धोका कसला? पूर्वी हा प्रश्न रास्त होता. आजची मोटार मात्र पूर्वीची राहिलेली नाही. तिच्यात कॅमेरे असतात, आपण कुठे आहोत हे तिला कळते आणि ते ती दूर कुठेतरी कळवू शकते. शिवाय नुसता माल पाहून भागत नाही, जागाही पाहावी लागते. अमेरिकेत अशी तपासणी करणारी सरकारी समिती १९७५ पासून आहे. तिथल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचे गाव आहे, सगळा शेतीचा मुलूख. फूफेंग या चिनी गटाच्या कंपनीने तिथे मक्याच्या गिरणीसाठी सुमारे ३७० एकर जमीन घेतली. मक्याला घराजवळ गिऱ्हाईक मिळणार म्हणून पुष्कळांना आनंदही झाला. पण तिथून सुमारे वीस किलोमीटरवर हवाई दलाचा तळ! गंमत अशी की समितीने २०२२ च्या अखेरीस कळवले, हा व्यवहार आमच्या अधिकारात बसत नाही. कारण तो तळ त्यांच्या यादीतच नव्हता. मग जानेवारी २०२३ मध्ये हवाई दलाने स्वतः पत्र लिहून धोका असल्याचे सांगितले, आणि फेब्रुवारीत गावाच्या नगरसभेने गिरणीचा बेत सोडून दिला. तळाचे नाव त्याच वर्षी यादीत आले.

आपल्याकडे काय घडले ते पाहा. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलशी ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट होऊन आपले वीस जवान धारातीर्थी पडले. काही दिवसांतच राज्याने तो करार थोपवून धरला. त्या घडीला दुसरे काही करणे कोणालाच शक्य नव्हते, आणि उचितही नव्हते.

पण पुढची दोन वर्षे? केंद्राची मंजुरी येईना आणि व्यवहार मोडेना. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची शेवटची गाडी निघाली. पुढच्या एप्रिलपर्यंत हजाराहून अधिक कामगारांच्या हाती कामबंदीच्या नोटिसा पडल्या. त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. दोन्ही कंपन्यांनी कराराची मुदत वाढवून पाहिली, आणि अखेर २०२२ च्या मध्यावर ती मंजुरीवाचूनच संपली.

माझे म्हणणे एवढेच आहे. चौकशी जरूर व्हावी, कसून व्हावी, नकार द्यायचा तर खुशाल द्यावा. मात्र होय किंवा नाही, काय ते मुदतीत सांगावे. खळ्यावर आलेल्या व्यापाऱ्याला नाही म्हटले तर शेतकरी दुसरे गिऱ्हाईक पाहतो. त्याला नुसते बसवून ठेवले तर मालही जातो आणि हंगामही. देशाच्या सुरक्षिततेची किंमत सर्वांनी मिळून द्यायची असते. इथे तिचा मोठा वाटा तळेगाव-चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, पोरांच्या शाळेची फी भरणाऱ्या माणसांवर पडला, आणि त्यांना तर कोणी विचारलेही नव्हते.

कारखाना पुढे दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने घेतला. कोरियाची सीमा आपल्याला लागून नाही, तेव्हा या नियमाची अट तिला लागू नव्हती. मार्च २०२३ मध्ये प्राथमिक करार झाला, ऑगस्टमध्ये पक्का झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ताब्यात आला. सारे मिळून दहा महिने. तळेगावहून पुन्हा मोटारी निघू लागल्या त्या २०२५ मध्ये.